पाहुण्यांच्या पाच ओळी

बियाणे केंद्राची बस बांधाला लागली तेव्हा थोरली अकराव्या ओळीत गुडघ्यांवर बसून कळ्या उघडत होती. तिने चिमटा दातात धरला, डोक्याचा रुमाल घट्ट केला आणि मुकाट्याने उभी राहिली, कारण पाहुणे आले की उभं राहायचं असं दिराने बजावून ठेवलं होतं. अकरा देशांची माणसं येणार म्हणून त्याने आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. माणसं उतरली बावीस. सगळ्यांच्या गळ्यात निळ्या दोरीचे बिल्ले, डोक्यावर केंद्राच्या पांढऱ्या टोप्या, हातात नवेकोरे चिमटे. बियाणे शास्त्र आणि तंत्रज्ञानाचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम होता तो. सहा आठवडे वर्गात बसून झाल्यावर आज त्यांना खरं फूल दाखवायचं होतं. त्यासाठी थोरलीचा प्लॉट निवडला होता, कारण बारा वर्षांत त्या प्लॉटचं बी एकदाही नापास झालं नव्हतं.

घरात माणसं चार. थोरली, तिचा नवरा, धाकटा दीर आणि दिराची बायको. नवरा पाणी आणि फवारणी बघायचा, बोलणं त्याला झेपत नसे. दीर केंद्रात सहायक होता. चिमटा कसा धरायचा हे त्याला थोरलीनेच शिकवलं, त्या जोरावर तो केंद्रात चिकटला, आणि आता काम कसं करावं हे तिलाच सांगायला लागला होता. धाकटी जाऊ प्लॉटात पाऊल टाकत नसे. टोमॅटोच्या झाडाचा हिरवा रस लागला की तिच्या हातांवर कोपरापर्यंत पुरळ उठायचं, म्हणून तिने स्वयंपाक आणि शिलाईचं मशीन सांभाळलं होतं. तिला कोणी नावं ठेवत नव्हतं.

टोमॅटोचं संकरित बी म्हणजे नजरेचं आणि बोटांचं काम. मादी झाडावरची कळी उमलायच्या आदल्या दुपारी उघडायची. आतला पिवळा सुळका, म्हणजे त्या फुलातला नर, अख्खा उपटायचा आणि मधल्या नाजूक दांडीला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग त्या दांडीच्या टोकाला लावायचा. मग देठाशी असलेल्या पाच हिरव्या पात्यांपैकी दोन कात्रीने कापायच्या. फळ पिकलं की पात्या कापलेली फळं तेवढी बियाण्यासाठी तोडायची, बाकीची बाजारात. थोरलीच्या हाताखाली आठ बाया होत्या आणि सगळ्यांना तिची एकच सक्त ताकीद होती. पात्या कापायच्या त्या पराग लावल्यावर, त्याच घटकेला. आधी कापून ठेवल्या आणि सकाळी ती कळी राहून गेली, तर भलताच पराग पडून बी खोटं निघणार आणि वरची खूण मात्र खरी दिसणार. पहिल्या वर्षी एका बाईने वेळ वाचवायला आधी कापल्या, तेव्हा थोरलीने तिच्या हातातली कात्री काढून घेतली होती आणि आठ दिवस तिला नुसती खुरपणी दिली होती.

केंद्राचे मोठे साहेब सावलीत उभे राहून बोलत होते. थोरलीकडे हात करून त्यांनी काहीतरी सांगितलं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दिराने मागून सांगितलं की साहेब तुम्हाला कुशल मजूर म्हणाले. बारा वर्षं करारावर सही करणारी बाई एका वाक्यात मजूर झाली, पण टाळ्या वाजल्या म्हणजे मान झाला असं दिराच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. एका दाढीवाल्याला तिच्या बोटांचा फोटो हवा होता. झाडाच्या रसाने तिची नखं काळीहिरवी झालेली, अंगठ्याची कातडी सोललेली. तिने हात मागे घेतला. दिराने तिचं मनगट धरलं आणि बाजारात भाजी उलटून दाखवावी तसा तळहात वर करून दिला. दाढीवाल्याने चार फोटो काढले. पाहुणे होते म्हणून थोरली उभी राहिली.

वीस ओळींपैकी शेवटच्या पाच पाहुण्यांना दिल्या होत्या. ओळीच्या तोंडाशी देशांच्या नावांच्या पाट्या रोवल्या होत्या. इथवर ठीक होतं. शिकायला आलेत, दहा कळ्या मोडतील, मोडू देत, असं थोरलीने बायांना सांगितलं होतं. पण ऊन चढलं, पाहुणे कंटाळले, आणि साहेबांना उत्साहाचं औषध सुचलं. तासाभरात सगळ्यात जास्त फुलं करेल त्या देशाला बक्षीस. आणि मोजायचं काय, तर पात्या कापलेल्या कळ्या.

मग जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. पाहुणे हसत, ओरडत, एकमेकांना ढकलत कात्र्या चालवत सुटले. कोणी सुळका अर्धाच काढला, कोणी दांडीसकट उपटला, कोणी कळी न उघडताच दोन पात्या कापल्या आणि पुढे गेला. दीर वही घेऊन आकडे ओरडत होता. चाळीस. पंचावन्न. सत्तर. थोरलीच्या सगळ्यात चपळ बाईच्याही तासाला चाळीसच्या वर कळ्या होत नसत.

एकच बाई वेगळी निघाली. उंच, उन्हाने लाल झालेली, चष्मा घामाने घसरणारी. तिने एक कळी केली, डोळ्याजवळ नेऊन बघितली, मान हलवली आणि थोरलीकडे आली. आत पिवळा तुकडा राहिला होता. थोरलीने तिची बोटं आपल्या बोटांत धरून चिमटा किती तिरका ठेवायचा ते दाखवलं. तासाभरात तिच्या सहा कळ्या झाल्या, सहाही स्वच्छ. तिच्या देशाचा नंबर शेवटचा आला आणि सगळे तिला हसले. बक्षीस ज्याला मिळालं त्याने ब्याण्णव कळ्यांच्या पात्या कापल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पराग लावायला कोणीच आलं नाही. थोरलीने दिराला विचारलं. तो म्हणाला, आज त्यांची सहल आहे, धरण बघायला गेलेत, तुम्हीच उरकून घ्या. ती ओळींत गेली तर फुलं उमलून बसली होती. आत राहिलेल्या पिवळ्या तुकड्यांनी आपलं काम आपणच उरकलं होतं. आता वरून कसलाही पराग लावला तरी उपयोग नव्हता. ओळीच्या ओळी खोट्या, आणि प्रत्येक देठाशी दोन पात्या कापलेल्या. त्या उंच बाईची सहा फुलं तेवढी तिने पराग लावून घेतली. त्या आठवड्यात पाच ओळींवर दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, कारण खऱ्या-खोट्यात फरक राहिलाच नव्हता. तिने मनाशी ठरवून टाकलं. या पाच ओळींची सगळी फळं बाजाराला जातील, बियाण्यात एकही पडणार नाही.

सात आठवड्यांनी फळं लाल झाली. बायांनी पंधरा ओळींची फळं तोडून पिंपांत चिरडली. पाच ओळींची फळं थोरलीने वेगळ्या कॅरेटमध्ये भरली, छपराखाली एका बाजूला रचली आणि वर दोरी बांधली. दीर आला तो कॅरेटकडे बघूनच थबकला. ही वेगळी का, म्हणाला. तिने सांगितलं. त्याने डोक्याला हात लावला. साहेबांनी अहवाल पाठवून दिला होता, आणि अहवालात लिहिलं होतं की अकरा देशांच्या प्रशिक्षणार्थींनी प्रत्यक्ष बियाणे उत्पादन केलं. त्या पाच ओळी केंद्राला जाणाऱ्या बियाण्याच्या लॉटमध्ये नाहीत म्हटल्यावर अहवाल खोटा पडणार होता.

"अहवाल खोटा आहेच," थोरली म्हणाली.

"वहिनी, माझं नाव परदेशी ट्रेनिंगला गेलंय. तीन महिन्यांचं. शिफारस लिहून तयार आहे, नुसती सही राहिलीय साहेबांची."

"मग सही घ्या. बी कशाला नासवता?"

तिने नवऱ्याकडे बघितलं. नवरा पंपाची नळी गुंडाळत होता. जातोय तर जाऊ दे त्याला, घरातलं कोणीतरी बाहेर बघेल, असं तो नळीकडे बघतच बोलला. थोरलीने दोघांनाही सांगून टाकलं की कॅरेटला हात लावायचा नाही, आणि ती जेवायला घरी गेली.

परत आली तर दोरी सुटलेली होती आणि कॅरेट रिकामी होती, धुऊन पालथी घातलेली. पिंपाशी दीर उभा होता, कोपरापर्यंत लाल. तो तिच्याकडे बघेना. पिंपं काठोकाठ भरली होती. आता कुठलं बी कुठलं हे वरचा आला असता तरी सांगता आलं नसतं.

थोरलीने एका पिंपाच्या कडेला हात लावला. तिरकं केलं असतं तर सगळा लगदा चरात गेला असता. पण त्या लगद्यात आठ बायांचे अडीच महिने होते, त्यांची मोडलेली कंबर होती, घरचं वर्ष होतं. तिने हात काढून घेतला. तिथेच तिचं चुकलं, हे तिला त्याच क्षणी कळलं आणि तरीही तिने हात काढून घेतला.

लगदा दीड दिवस आंबवला की बियांभोवतीचा बुळबुळीतपणा सुटतो. झाकण काढलं की वर पांढरी साय असते, तिच्यावर चिलटं, कडेला वळवळणाऱ्या अळ्या, आणि वास असा की पोटातलं घशाशी येतं. बारा वर्षांत थोरलीला त्या वासाची कधी घाण वाटली नव्हती. तो तिच्या कामाचा वास होता. त्या दिवशी तिने दंडापर्यंत हात घातले आणि तिला खरीखुरी किळस आली. लगद्याची नाही. दिराची, साहेबांची, पंपाची नळी गुंडाळणाऱ्या नवऱ्याची आणि त्या घाणीत मुकाट ढवळणाऱ्या आपल्या हातांची. बी मात्र सुंदर निघालं. धुऊन, वाळवून जाळीवर पसरलं तर सोनेरी, केसाळ, एकसारखं. बियाला बघून काही कळत नाही हीच तर पंचाईत असते.

लॉट केंद्रात गेला. दिराच्या शिफारशीवर सही झाली, तो विमानाने गेला. जाताना वहिनींच्या पाया पडला आणि तिने पाय मागे घेतले नाहीत, एवढंच.

कळलं ते तीन आठवड्यांनी. या वाणाच्या मादीचं पान रुंद असतं, बटाट्यासारखं. संकर खरा असेल तर रोपाचं पान कातरलेलं येतं. केंद्राने शंभर रोपं ट्रेमध्ये वाढवली आणि रुंद पानांची मोजली. दोनपर्यंत चालतात. एकोणीस निघाली. थोरलीला बोलावून ट्रे दाखवला तेव्हा तिने सगळ्यांत आधी मान खाली घालून तो पुन्हा मोजला. एकोणीसच होती.

तिने साहेबांना पाच ओळींचं सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, पाणी मागवून दिलं आणि पंधरा दिवसांनी कागद आला. धाकटीने तो मशीनवर बसून वाचून दाखवला. लॉट रद्द. कारण, अकुशल मजुरांकडून झालेलं सदोष काम. उपाय, संबंधित मजुरांना शास्त्रीय प्रशिक्षण. यापुढे प्लॉटवर प्रमाणपत्र असलेली एक तरी व्यक्ती असल्याशिवाय करार होणार नाही. पाहुण्यांचा त्यात कुठे उल्लेख नव्हता. धाकटी वाचता वाचता अडखळली आणि शेवटची ओळ तिने हळू आवाजात वाचली. पहिला वर्ग परदेशात प्रशिक्षण घेऊन आलेले तज्ज्ञ घेतील. तज्ज्ञ म्हणजे तिचाच नवरा.

तो आला तेव्हा अंगात नवं जाकीट होतं आणि बोलताना तो हाताची बोटं जुळवून थांबायचा, जे आधी करत नव्हता. वर्ग केंद्राच्या मोठ्या हॉलमध्ये होता. आत इतकं गार की बाया रुमाल गळ्याभोवती गुंडाळून बसल्या. पस्तीस बाया, पाच-सहा पुरुष. धाकटीलाही त्याने आणून बसवलं होतं, तिच्या हातात रबरी मोजे होते. पडद्यावर कळीचं चित्र आलं, भिंतीएवढं. थोरलीने बारा वर्षं जी कळी बोटांनी ओळखली तिला आता पडद्यावर बाण मारून नावं दिली होती. दीर चांगलं बोलत होता, ते खोटं म्हणता येणार नाही. फक्त खुणेच्या पानाशी आल्यावर त्याने वाचलं की सुळका काढताच लगेच दोन पात्या कापाव्यात, म्हणजे दुसऱ्या दिवशी कळी ओळखता येते. परदेशात त्याला असंच शिकवलं होतं आणि साहेबांच्या पुस्तकातही तसंच होतं.

दुपारी परीक्षा झाली. कुंड्यांतली झाडं आणली, प्रत्येकीला दहा कळ्या. थोरलीने वेळेच्या आधी दहाही संपवल्या. दीर भिंग घेऊन आला, त्याने एकेक कळी बघितली आणि त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जुना मुलगा दिसला, तिच्या मागे मागे ओळींतून फिरणारा. मग तो हळूच म्हणाला, "वहिनी, पात्या कापायच्या राहिल्या."

"पराग कुठे लावलाय अजून?"

"पुस्तकात आधी कापायच्यात. नाहीतर सकाळी कळी ओळखणार कशी?"

"ज्याला आपली कळी ओळखता येत नाही, भाऊजी, त्याने चिमटा धरू नये."

दोन बाया फिसकन हसल्या. दाराशी मोठे साहेब उभे होते, त्यांनी ऐकलं होतं. दिराचे कान लाल झाले. त्याने कात्री तिच्यापुढे सरकवली. कापा, म्हणजे झालं, असं तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. वीस पात्या, अर्ध्या मिनिटाचं काम. थोरलीने कात्रीकडे बघितलं. पिंपावरून हात काढून घेतलेला तिला आठवत होता. तिने या वेळीही हात मागेच घेतला, पण कात्रीवरून.

घरच्या माणसाला झुकतं माप दिलं असं साहेबांना वाटायला नको, म्हणून दिराने मोठ्याने वाचलं. दहापैकी शून्य. खूण केलेली नाही.

धाकटी पास झाली. तिने दोन दांड्या मोडल्या होत्या, पण पात्या दहाच्या दहा कळ्यांच्या कापल्या होत्या.

संध्याकाळी दीर नेहमीसारखा ताटावर येऊन बसला. थोरलीने त्याला वाढलं, कारण वाढायचं नाही असं त्या घरात कधी झालं नव्हतं. पण त्याच्या बोटांना लागू नये म्हणून वाटी तिने लांबून सरकवली, आणि ते त्याच्या लक्षात आलं. त्याने सगळं ठरवून आणलं होतं. करार धाकटीच्या प्रमाणपत्रावर होईल. कागदावर ती प्रमुख, वहिनी मदतनीस. काम वहिनींनीच बघायचं, पूर्वीसारखं. पुढच्या बॅचला तो वहिनींना पास करून घेणारच होता, फक्त तेवढ्यापुरती ती कात्री चालवायची. नवरा म्हणाला की हे बरं झालं, प्लॉट वाचला. तो मनापासून म्हणाला हे जास्त वाईट होतं.

"जेवा," एवढंच थोरली म्हणाली.

नव्या हंगामात झाडं कळ्यांवर आली. प्लॉटच्या तोंडाशी केंद्राने पत्र्याची पाटी लावली, तिच्यावर धाकटीचं नाव आणि हुद्दा. बायांनी ती वाचली आणि एकमेकींकडे बघितलं. पहिल्या दिवशी दुपारी धाकटी मोजे चढवून, लांब बाह्या बटणं लावून बंद करून पहिल्या ओळीत उभी राहिली. तरी मोजे आणि बाही यांच्यामध्ये मनगटाची पट्टी उघडी होती आणि तासाभरात तिथे लाल गांध्या उठल्या. ती खाजवत होती आणि कळ्यांकडे भीत भीत बघत होती. मुळात वाईट बाई नव्हती ती. आठही बाया चिमटे घेऊन थांबल्या होत्या, कारण रीत काय राहणार हे कोणालाच माहीत नव्हतं.

धाकटी थोरलीजवळ आली. "जाऊबाई, खरं सांगा. पात्या आधी कापायच्या की नंतर?"

खरं उत्तर चार शब्दांचं होतं. बारा वर्षांत हा प्रश्न ज्या ज्या बाईने विचारला तिला थोरलीने ते दिलं होतं, दोनदा दिलं होतं, हात धरून दिलं होतं. तिने बायांकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. आताही दिलं असतं तर सगळं बी चांगलं निघालं असतं, नाव धाकटीचं झालं असतं, दिराच्या पडद्यावर आणखी एक चित्र चढलं असतं, आणि तिने ते चालवून घेतलं असतं तर पुढल्या बॅचला ती पासही झाली असती.

"पुस्तकात असेल तसं कर," ती म्हणाली.

मग तिने छपराखालून खुरपं आणलं आणि बांधाकडच्या टोकाला तण काढायला बसली. खुरपणीला प्रमाणपत्र लागत नव्हतं. मागे कात्र्या चालू झाल्या. ती वळून बघत नव्हती, पण कान बंद करता येत नाहीत, आणि त्या कच्च्या पात्या कटकट कापल्या जाताना तिला ऐकू येत राहिल्या. संध्याकाळी दीर वही घेऊन आला आणि ओळींतून फिरून खुशीत आकडा ओरडला. आठशे चाळीस, आणि एकही कळी खुणेशिवाय नव्हती.